मेणाचे दोन ठोकळे

२०२३ च्या मार्चमध्ये माझ्या पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती खड्यांची म्हणून झाली होती. वर्षभर तिला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असे, सोनोग्राफीत १४ मिलिमीटरचा खडा दिसला होता, आणि दुर्बिणीने पित्ताशय काढून दुसऱ्या दिवशी घरी येता येते हे आमच्या जेल रोडच्या इमारतीतील तिघांच्या अनुभवावरून आम्हाला ठाऊक होते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘एका ठिकाणी भिंत जाड’ अशीही एक ओळ होती. ती सूज असणार असे आम्हाला सांगितले गेले आणि आम्हीही पुढे विचारले नाही.

शस्त्रक्रियेनंतर वॉर्डातील एका कर्मचाऱ्याने माझ्या हातात दोन वस्तू दिल्या. लहान डबीत खडे होते आणि प्लास्टिकच्या बरणीत फॉर्मेलिनमध्ये बुडवलेले पित्ताशय होते. “काका, तपासायला द्यायचं असेल तर बाहेरच्या लॅबमध्ये द्या. नाही दिलं तरी चालतं, खड्यांचंच आहे,” असे तो म्हणाला. मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये ३१ वर्षे छापील कागद तपासण्याचे काम केले आहे. ‘नाही तपासले तरी चालते’ हे वाक्य त्या कामात कोणी उच्चारत नाही. त्या सवयीनेच बहुधा मी ती बरणी स्कूटरच्या डिकीत ठेवून लॅबमध्ये नेऊन दिली. त्या रुग्णालयाविषयी माझी तक्रार इतकीच आहे की हा निर्णय एका नातेवाइकाच्या सवयीवर सोडायला नको होता. पित्ताशयाचे कितीतरी कर्करोग खड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, काढलेले पित्ताशय तपासल्यावरच सापडतात, ही गोष्ट मला नंतर कळली. त्यांना ती आधीपासून ठाऊक असणार.

नवव्या दिवशी लॅबमधून फोन आला. अहवाल न्यायला कोणाला तरी पाठवा, असे न सांगता तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी “काका, तुम्ही स्वतःच या” असे सांगितले, तेव्हाच मी काय ते समजलो. त्यांनी मला शेजारी बसवून अहवाल ओळीने वाचून दाखवला. जाड दिसलेल्या भिंतीत कर्करोग होता आणि तो स्नायूंचा थर ओलांडून यकृताला चिकटलेल्या बाजूने गेला होता. परंतु त्यांना खटकत होते ते याहून वेगळे. एका भागात पेशी ग्रंथींसारख्या नळ्या करून बसल्या होत्या, म्हणजे पित्ताशयाच्या नेहमीच्या कर्करोगात, ॲडिनोकार्सिनोमात, दिसतात तशा. दुसऱ्या भागात नळ्या नव्हत्याच. तिथे गडद केंद्रकांच्या पेशींचे दाट पुंजके होते. “मला इथे दोन वेगळ्या जातीच्या पेशी दिसतात आणि दुसरी जात न्यूरोएंडोक्राइन असावी. ते नक्की करायला खास रंग लागतात. तुम्ही ब्लॉक घेऊन मुंबईला जा, नुसता अहवाल नेऊ नका,” असे त्यांनी बजावले. न्यूरोएंडोक्राइन म्हणजे संप्रेरके स्रवणाऱ्या, काही गुण चेतापेशींसारखे असलेल्या पेशी.

ब्लॉक म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले. काढलेल्या अवयवाचे निवडक तुकडे पाणी काढून पॅराफिन मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढून काचेवर लावतात आणि रंगवतात. काच म्हणजे स्लाइड. ती एका रंगाने एकदाच रंगवलेली असते, पण ठोकळ्यातून नवे काप काढता येतात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. आमचे पाच ठोकळे होते. त्यांतील दोघांत गाठीचा भाग होता, ए-२ आणि ए-४. त्यांची पोच घेऊन मी ते स्टीलच्या छोट्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवले. एप्रिल सुरू झाला होता, म्हणून बाईंनी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डबा ठेवू नका, असेही सांगितले. मेणच ते.

सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मी आणि मुलगी दादरला उतरलो आणि परळच्या टाटा रुग्णालयात स्लाइड आणि ब्लॉक फेरतपासणीसाठी दिले. माझी पत्नी घरीच होती. तिच्या पोटावरचे टाके नुकतेच निघाले होते आणि तिला अजून फक्त ‘गाठ सापडली आहे’ इतकेच सांगितले होते. ही आमची चूक झाली. ती पंचवटीतील एका शाळेत २८ वर्षे गणित शिकवत होती. अपुरी माहिती दिलेले गणित सोडवायला लावल्याचा राग तिला पुढे बरेच दिवस होता.

बारा दिवसांनी अहवाल आला. न्यूरोएंडोक्राइन पेशी ओळखण्यासाठी सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या प्रथिनांना चिकटणारे प्रतिपिंड वापरतात आणि ते जिथे चिकटतात तिथे तपकिरी रंग येतो. ए-४ मधील पुंजके जवळजवळ सगळे तपकिरी झाले होते. ए-२ मध्ये बहुतांश भाग नळ्यांचाच होता. दोन्ही मिळून न्यूरोएंडोक्राइन भाग सुमारे ६० टक्के आणि ॲडिनोकार्सिनोमा ४० टक्के ठरला. पेशी किती वेगाने विभागत आहेत हे दाखवणारा की-६७ हा आकडा न्यूरोएंडोक्राइन भागात ७० टक्के होता. २० टक्क्यांच्या पुढे तो उच्च श्रेणीचा मानतात, हे अहवालाच्या तळटिपेतच लिहिले होते.

निदानाच्या जागी जे लांबलचक नाव होते त्याचा अर्थ ‘न्यूरोएंडोक्राइन आणि इतर अशी मिश्र गाठ’ असा होतो. डॉक्टर त्याला ‘मिनेन’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या वर्गीकरणात याच गाठींना ‘मॅनेक’ म्हणत, त्यामुळे जुने लिखाण वाचताना मुलीला दोन्ही नावांनी शोधावे लागे. पचनसंस्थेसाठीच्या २०१९ च्या वर्गीकरणात मिनेन हे नाव आहे, आणि दोन्ही घटक प्रत्येकी किमान ३० टक्के असावेत ही जुनी अट कायम आहे. ही ३० ची रेघ सोयीसाठी ओढलेली आहे असे टाटातील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमाचा भाग १० टक्के असला तरी त्याची नोंद व्हायला हवी, कारण पुढे पसरतो तो बहुधा तोच. प्रेसमध्ये असताना एखाद्या कागदावर चुकून दोन छपाया एकमेकींवर आल्या, तर टक्केवारी कोणी मोजत नसे, कागद बाजूला निघत असे. इथे कागद बाजूला काढण्याची सोय नव्हती.

निरोगी पित्ताशयाच्या आतल्या अस्तरात न्यूरोएंडोक्राइन पेशी जवळजवळ नसतातच, मग त्यांची गाठ होते कुठून, हा प्रश्न माझ्या पत्नीने पहिल्याच भेटीत विचारला. खड्यांच्या सततच्या घर्षणाने आणि सुजेने अस्तराचे रूप बदलते, ते आतड्याच्या किंवा जठराच्या अस्तरासारखे होऊ लागते आणि त्यात अशा पेशी दिसू लागतात, हे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे असे, की दोन्ही भाग एकाच मूळ पेशीतून निघतात आणि वाटेत फाटे फुटतात. अशा गाठींचे जनुक तपासले असता टीपी-५३ सारखे बिघाड दोन्ही भागांत सारखेच सापडलेले आहेत, त्यामुळे हे दुसरे मत अधिक पटणारे आहे. घरी परतताना कसारा घाटात तिने या आजाराला नाव ठेवले : मांडूळ. मांडुळाला दोन तोंडे असतात असे आपल्याकडे मानतात. “खरं तोंड एकच असतं, दुसरी शेपूट असते,” असेही तिने लगेच जोडले. शिक्षिका ती शिक्षिकाच.

एव्हाना नातेवाइकांत बातमी पसरली होती. न्यूरोएंडोक्राइन हा शब्द लोकांनी ऐकलेला असतो तो अभिनेते इरफान खान यांच्यामुळे. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या आजाराचे नाव जाहीर केले होते आणि इगतपुरीकडे त्यांचे घर असल्याने आमच्या भागात त्यांच्याविषयी आपलेपणाही आहे. त्यामुळे ल्युटेशियमचे किरणोत्सारी इंजेक्शन घ्या, महिन्याचे ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन घ्या, हा आजार हळू वाढतो, काळजी नको, असे निरोप येऊ लागले. त्या निरोपांत एक मोठा घोटाळा आहे आणि तो मी ज्याला त्याला फोनवर समजावत बसलो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आणि न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा ही एकाच आजाराची सौम्य आणि तीव्र रूपे नव्हेत. पहिल्यात पेशी सुघटित असतात, बहुतेकदा त्यांच्यावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला धरून ठेवणारी प्रथिने, म्हणजे त्याचे ग्राहक, असतात आणि ल्युटेशियम त्यांनाच जाऊन चिकटते. दुसऱ्यात पेशी विस्कटलेल्या, वेगाने वाढणाऱ्या असतात आणि ते ग्राहक बहुधा नसतात. आमच्याकडे दुसरे होते. म्हणूनच ते ग्राहक शोधणारा डोटा स्कॅन न करता साखरेवर चालणारा नेहमीचा पेट स्कॅन सांगितला गेला. तो नाशिकमध्येच झाला. पत्नीला मधुमेह असल्याने सकाळची साखर आटोक्यात येईपर्यंत आम्हाला एक दिवस परत पाठवले होते. यकृताच्या ज्या खाचेत पित्ताशय असते तिथे थोडी चमक दिसली, पण ती ताज्या शस्त्रक्रियेचीही असू शकते, असे लिहिले होते. अन्यत्र काही नव्हते.

मध्येच एक अनाठायी भीती वाट्याला आली. कोणाच्या तरी सल्ल्याने आम्ही रक्तातील क्रोमोग्रॅनिन तपासले आणि ते मर्यादेच्या तिप्पट निघाले. दोन रात्री आम्ही झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काकू, ॲसिडिटीची गोळी घेता का?” ती शस्त्रक्रियेपासून रोज पँटोप्राझोल घेत होती. त्या जातीच्या गोळ्यांनी हा आकडा वाढतो. शिवाय अशा तीव्र कार्सिनोमात त्याचा उपयोगही मर्यादित. गोळी बंद करून तीन आठवड्यांनी तो निम्म्याहून खाली आला आणि नंतर आम्ही त्या तपासणीच्या वाटेला गेलो नाही.

मुंबईच्या शल्यविशारदांना पेट स्कॅनपेक्षा पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे महत्त्वाची वाटत होती. पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढले का, काढताना ते फाटून पित्त पोटात सांडले का, कोणत्या छिद्रातून काढले. पित्त सांडले असेल तर त्याबरोबर पेशीही पोटात पडलेल्या असू शकतात. माझ्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर यातले काहीच नव्हते. पहिल्या रुग्णालयात मी तीन खेपा घातल्या तेव्हा हाताने लिहिलेल्या चार ओळींची प्रत मिळाली आणि तीतही पिशवीचा उल्लेख नव्हता. शेवटी तिथले डॉक्टर फोनवर बोलले. पिशवी वापरली होती आणि पित्त सांडले नव्हते. ही माहिती कागदावर असती तर आमचे आठ दिवस वाचले असते. अशा दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी पहिल्यानंतरचे चार ते आठ आठवडे बरे मानतात, आणि आमचा सहावा आठवडा संपत आला होता.

दुसरी शस्त्रक्रिया मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. बेत असा होता : आधी दुर्बिणीने पोटात कुठे पसरले आहे का पाहायचे. मग महारोहिणी आणि महाशिरा यांच्यामधील लसिका ग्रंथी काढून लगेच गोठवून तपासायच्या. तिथे कर्करोग निघाला तर पुढची मोठी शस्त्रक्रिया करायची नाही, कारण तिचा लाभ नसतो. त्या ग्रंथी स्वच्छ असतील तरच पित्ताशयाच्या खाचेलगतचा यकृताचा भाग, पित्तनलिकेजवळच्या ग्रंथी आणि गरज पडल्यास नलिकेची कड काढायची. हे सगळे आम्हा दोघांना आदल्या संध्याकाळी चित्र काढून सांगितले होते, आणि त्यामुळे बाहेर बसलेल्या माझ्यासाठी वेळेला वेगळाच अर्थ आला. लवकर बोलावणे आले तर ती वाईट बातमी. माझ्या शेजारी जळगावकडचे एक गृहस्थ बसले होते. ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते आणि त्यांच्या मुलाचीही शस्त्रक्रिया चालू होती. त्यांना दीड तासात आत बोलावले. परतल्यावर त्यांनी आपली पिशवी उचलली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि ते निघून गेले. मला पाच तास कोणी बोलावले नाही.

अहवालात आठ ग्रंथी होत्या. यकृताच्या तुकड्यात काही नव्हते, नलिकेची कड स्वच्छ होती, आणि आठांपैकी एका ग्रंथीत कर्करोग होता. त्या ग्रंथीत नळ्या नव्हत्या, फक्त पुंजके होते. आजाराचा टप्पा चारपैकी तीन-ब ठरला.

यानंतरचा निर्णय मला सर्वांत अवघड वाटला, कारण डॉक्टरांमध्येच मतभेद होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. पित्ताशयाच्या नेहमीच्या कर्करोगासाठी जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी २०१० पासून रूढ आहे. शस्त्रक्रियेनंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देण्याला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासाचा आधार आहे. न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमाला मात्र फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगावरून उचललेली इटोपोसाइड आणि प्लॅटिनम (सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन) ही जोडी देतात. मिश्र गाठीसाठी काय द्यावे याची तुलना करणारा मोठा अभ्यास झालेलाच नाही, कारण एवढे रुग्ण एकत्र मिळत नाहीत. जे आहे ते एकेका रुग्णाच्या नोंदी आणि रुग्णालयांच्या छोट्या याद्या. तेव्हा जो घटक अधिक घातक आहे त्याच्यावर नेम धरायचा, या तत्त्वावर चालतात. एक तरुण डॉक्टर जेमसिटाबिनच्या बाजूने होते, ४० टक्के भाग मोकळा सोडू नये असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर ज्येष्ठ डॉक्टरांनी ग्रंथीच्या अहवालावर बोट ठेवले. बाहेर पडला तो कोणता घटक, हे ग्रंथीनेच सांगितले होते. इटोपोसाइड ठरले. तिचा मधुमेह आणि कानांची आधीच कमी झालेली क्षमता पाहून सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन ठरले, कारण सिस्प्लॅटिन मूत्रपिंड आणि कान या दोहोंवर जड जाते.

त्याच बैठकीत माझ्या पत्नीने विचारले, “मला किती वेळ आहे ते सांगा, पण आकडा कुठून आला तेही सांगा.” डॉक्टरांनी सांगितले, आणि ते संभाषण मला जवळजवळ जसेच्या तसे आठवते. जपानमध्ये पचनसंस्थेच्या पसरलेल्या न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमाच्या १७० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लॅटिनमसोबत इटोपोसाइड द्यावे की इरिनोटेकान, हा त्यातला प्रश्न होता. इटोपोसाइडच्या गटात आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, साडेबारा महिने आला, दुसऱ्या गटात सुमारे अकरा, आणि फरक सिद्ध झाला नाही. ती म्हणाली, “मध्यक कळतो मला. पण हा वर्ग माझा नाही. ते सगळे पसरलेल्या आजाराचे, माझा काढलेला आहे. दुसऱ्या वर्गाच्या निकालावरून माझ्या वर्गाचा निकाल कसा लावणार?” डॉक्टर हसले नाहीत. तिचे म्हणणे बरोबर आहे असे ते म्हणाले, आणि मग तिच्याच वर्गाची परीक्षा घेतल्यासारखे त्यांनी एकेक बाब मांडली. कडा स्वच्छ आहेत, ही तिच्या बाजूची गोष्ट. पोटात प्रसार नाही, हीही. ग्रंथी बाधित आहे, ही विरुद्ध. की-६७ ७० आहे, तीही विरुद्ध, परंतु तिला दुसरी बाजूही आहे. नॉर्डिक देशांतील ३०५ रुग्णांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५५ च्या वरच्यांचे एकूण आयुष्य कमी होते, पण प्लॅटिनमला प्रतिसाद देणारे त्यांच्यातच जास्त होते : ४२ टक्के, खालच्या गटात १५. “परत येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे. आला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येईल,” हे त्यांचे शेवटचे वाक्य होते. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “अहो, चहा घेऊ या,” आणि आम्ही परळ नाक्यावर उभ्याने चहा घेतला.

केमोथेरपीसाठी दर खेपेला मुंबई गाठण्याची गरज नव्हती. जून ते सप्टेंबर चार आवर्तने नाशिकमध्ये झाली. दर २१ दिवसांनी तीन दिवस ओळीने सलाईन, पहिल्या दिवशी कार्बोप्लॅटिन आणि तिन्ही दिवस इटोपोसाइड. कार्बोप्लॅटिनची मात्रा वजनावरून नव्हे, मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून काढतात. तिने ते सूत्र डे-केअरच्या डॉक्टरांकडून मागून घेतले आणि स्वतः पडताळून पाहिले. केस तिसऱ्या आठवड्यात गेले. त्याचे तिने फारसे मनावर घेतले नाही. त्रास झाला तो दहाव्या दिवसाचा. दर आवर्तनात दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जात आणि १०० च्या वर ताप आला तर वाट न पाहता दाखल व्हायचे, असे सांगितले होते. दुसऱ्या आवर्तनात रात्री अडीच वाजता ताप आला आणि पाच दिवस प्रतिजैविके चालली. त्यानंतर प्रत्येक वेळी पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन दिले गेले, त्याने कंबरेची हाडे ठणकत. चौथ्या आवर्तनानंतर प्लेटलेट ३८,००० पर्यंत उतरल्या आणि पाचवे आवर्तन रद्द झाले. त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला होता, एवढे मला आठवते, कारण रुग्णालयाच्या खिडकीतून ती रोज ढग पाहत असे आणि रोज सांगत असे की आजही नाही.

पुढचे वर्ष दर तीन महिन्यांच्या सीटी स्कॅनवर मोजले गेले. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. तिने शेजारच्या दोन मुलींची दहावीची गणिताची तयारी करून घेतली, आम्ही एकदा कोकणात जाऊन आलो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये यकृताच्या उजव्या भागात तीन ठिपके दिसले, सर्वांत मोठा २२ मिलिमीटरचा. सुईने तुकडा घेतला. ते जुनेच आहे हे उघड होते, पुन्हा टोचायचे कशाला, असे मला वाटत होते. दोन घटकांपैकी कोणता परतला यावर औषध ठरणार आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी गप्प बसलो. तुकड्यात ॲडिनोकार्सिनोमा अजिबात नव्हता. सगळे पुंजके, सगळे तपकिरी. “म्हणजे खरं तोंड हे,” असे ती म्हणाली.

प्लॅटिनम थांबवून १३ महिने झाले होते, आणि सहा महिन्यांहून मोठी विश्रांती मिळाली असेल तर तीच औषधे पुन्हा देता येतात. पण प्लेटलेटचा मागचा अनुभव पाहता ते मागे ठेवले आणि इरिनोटेकानवर आधारलेले फॉल्फिरी हे औषधांचे मिश्रण सुरू केले. त्याला बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारे औषध, जोडावे का, हे मी विचारले. फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात त्या जोडीने आयुष्य वाढल्याचे दिसले नव्हते, त्यामुळे तो खर्च टळला. डिसेंबरपासून दर १४ दिवसांनी छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टला, म्हणजे शिरेत जाणाऱ्या नळीच्या तोंडाला, पंप जोडतात आणि ४६ तास औषध थेंबाथेंबाने जाते. पंपासाठी तिने जुन्या इरकलीची पिशवी शिवली आहे. इरिनोटेकान चालू असताना घाम आणि पोटात कळ येते, म्हणून आधी ॲट्रोपिन देतात. तीन-चार दिवसांनी जुलाब लागतात, तेव्हा लोपेरामाइडची गोळी उशाशीच असते. फेब्रुवारीत निफाडच्या मेहुण्याने द्राक्षांच्या दोन पेट्या पाठवल्या. पांढऱ्या पेशी कमी असताना सोलून खाता येणारीच फळे खायची असल्याने तिने एकेक द्राक्ष सोलून, दुपारभर बसून, बारा द्राक्षे खाल्ली. उरलेली इमारतीत वाटली.

मार्चच्या स्कॅनमध्ये दोन ठिपके लहान झाले होते आणि एक तसाच होता. अहवालात ‘स्थिर’ असा शब्द आहे. मेमध्येही तोच शब्द आला. थकवा वाढल्याने मात्रा एक पायरी कमी केली आहे. जूनअखेर १४ वे आवर्तन होईल आणि त्यानंतर थोडी विश्रांती द्यायची की पुढे चालू ठेवायचे, हे जुलैच्या स्कॅनवर ठरेल. यकृतातून सुईने काढलेला तुकडा फारच लहान होता आणि तो रंगांतच संपला, त्यामुळे जनुक तपासणीसाठी पुन्हा जुना ठोकळा मागवला गेला. मागच्या आठवड्यात मी पंचवटीने जाऊन ए-४ देऊन आलो. एवढे काप निघाल्यानंतर त्यात ऊतक फार उरलेले नाही, पण तपासणीपुरते आहे, असे तिथल्या तंत्रज्ञाने उजेडात धरून पाहून सांगितले. ए-२ घरी कपाटात, त्याच स्टीलच्या डब्यात आहे.